सातवं प्रकरण

ताईला मी पहिल्यांदा चहाला बोलावलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. कुवेतमध्ये अबू हलीफाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन बिऱ्हाड आलं की त्यांना चहाला बोलवायचं, ही माझी नाशिकची खोड. लिफ्टपाशी एक ठेंगणी, कानाशी केस कापलेली चिनी बाई जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी दुकानातून, आणलेल्या पिशव्या सांभाळत उभी होती. मी लिफ्टचं दार धरलं, ओळख करून दिली आणि इंग्रजीत म्हटलं, संध्याकाळी या की चहाला. तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि विचारलं, तुला कोणी सांगितलं मला बोलवायला? मला वाटलं, बाई भलतीच तुसडी दिसते. पुढे ओळख वाढल्यावर तिनेच हसत हसत उलगडा केला. तिच्या देशात पोलिसांना एखाद्याची चौकशी करायची असली की ते त्याला चहाला बोलावतात. तिचे असे चहा बरेच झाले होते. त्यानंतर मी तिला कॉफी देऊ लागले.

मी तिला ताई म्हणायचे. ती माझ्याहून मोठी, आणि मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही. ताई म्हणजे काय हे कळल्यावर तिलाही मला नावाने हाक मारणं जड जाऊ लागलं, म्हणून ती मला लाओशी म्हणू लागली. लाओशी म्हणजे गुरुजी. लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसांना तिच्याकडे असं म्हणायची पद्धत आहे. मी मनातून सुखावले, खोटं कशाला बोलू. या देशात बाकी सगळे मला अमक्याची बायको म्हणून ओळखतात, आणि माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाही, त्याच नात्यावर आहे.

नवरा शुऐबाच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात आहे. सकाळी त्याची बस गेली, मुलगी शाळेत गेली, की डायनिंग टेबल माझं. त्या टेबलावर बसून गेली वीस वर्षं मी इंग्रजी कादंबऱ्या मराठीत आणते आहे. फार नाव वगैरे झालं नाही. पण पुण्याचे माझे प्रकाशक चारचौघांत एक गोष्ट नेहमी सांगत, की हिच्या भाषांतरात हिचा स्वतःचा एक शब्द सापडायचा नाही. ऐकणाऱ्यांना त्यात विशेष काही वाटत नसे. मला वाटायचं. लेखकाने पाऊस पाडला नसेल तर मी शिंतोडासुद्धा उडवलेला नाही. नवरा चेष्टा करतो, की तू माझ्या जेवणाची चौकशी करत नाहीस तेवढी परक्या माणसाच्या स्वल्पविरामाची करतेस. असेल. पण माझ्यापाशी म्हणून जे काही होतं ते एवढंच, आणि तेवढंच गेलं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ताईने स्वतःचं आयुष्य सलग असं कधी सांगितलं नाही. कॉफी पिता पिता एखादा तुकडा पडायचा. तरुणपणी ती एका प्रकाशनसंस्थेत परदेशी कादंबऱ्यांची चिनी भाषांतरं करत असे, ती करता करता स्वतःच्या कादंबऱ्या लिहू लागली. एका गावाची जमीन रासायनिक कारखान्यासाठी घेतली गेली, तिथे आठवडाभर माहिती काढायला म्हणून गेली ती वर्षभर राहिली. गावकऱ्यांचे अर्ज लिहून दिले, त्यांच्याबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसली, त्यांच्या वकिलाला धरून नेलं तेव्हा निषेधाच्या पत्रकावर पहिली सही हिची. मग नोकरी गेली. मग पुस्तकं दुकानांतून गेली. एका उन्हाळ्यात तिला शहराबाहेरच्या एका अतिथिगृहात ठेवलं, नजरकैदच म्हणायची. दोन बाया आळीपाळीने तिच्याशेजारी बसून असत, न्हाणीघरातसुद्धा. शेवटी तिच्या नवऱ्याने कुवेतमधल्या एका चिनी कंत्राटदाराकडे नोकरी पत्करली, ती मुख्यतः हिला तिथून हलवायला. आणि आली कुठे, तर पुन्हा रासायनिक कारखान्यांच्या शेजारात. यावर ती खूप हसायची. शुऐबाकडचा वारा सुटला की खिडकी लावताना म्हणायची, माझा जुना मित्र आला बघ.

तिच्या एका कादंबरीचं इंग्रजी भाषांतर झालेलं होतं. ते तिने मला वाचायला दिलं आणि मी दोन बैठकींत संपवलं. एका शाळामास्तरणीची गोष्ट, त्याच गावातली. मी तिला म्हटलं, हे मला मराठीत करू दे.  ती उठून आतून मूळ चिनी पुस्तक घेऊन आली आणि त्यातले प्रकरणांचे आकडे मला बोटाने दाखवले. सहा, आणि त्यानंतर एकदम आठ. सातवं प्रकरण छापायची परवानगी मिळाली नव्हती, तेव्हा तिने हट्ट करून आकडे तसेच ठेवायला लावले होते. परवानगी देणाऱ्यांना ती छपाईतली चूक वाटली. इंग्रजी भाषांतर करणाऱ्या बाईलाही तसंच वाटलं, आणि तिने आकडे सरळ करून टाकले.

"सातवं प्रकरण आहे कुठे?" मी विचारलं.

तिने कपाळावर बोट ठेवलं. लिहिलेलं सगळं उचलून नेलं होतं, आणि पुन्हा लिहायची तिची हिंमत नव्हती. ते ती मला सांगणार होती. मी ऐकायचं आणि मराठीत लिहायचं. चिनीत नाही, इंग्रजीत नाही, तिच्या हस्ताक्षरात एक ओळ नाही, कुठे ध्वनिमुद्रण नाही. पुढेमागे कोणी विचारलंच तर कुठल्या कागदाचं उत्तर द्यायला नको. भाषांतर करणारी कुठलीही शहाणी बाई इथे थांबली असती. मूळ नसलेल्या मजकुराचं भाषांतर करायचं म्हणजे काय? पण मला वाटलं, केवढा हा विश्वास. जे तिने कोणाला दिलं नाही ते ती माझ्या हातात देते आहे. मी भारावून गेले होते, दुसरा शब्द नाही.

तो सगळा उन्हाळा आम्ही त्या प्रकरणात घालवला. दुपारी बाहेर चिटपाखरू नसे, धुळीने समुद्रसुद्धा दिसेनासा व्हायचा. ती वर यायची, कोणी ऐकू नये म्हणून आमचे दोघींचे फोन मी तांदळाच्या डब्यात घालून झाकण लावायचे, आणि ती तिच्या तुटक इंग्रजीत सांगायला लागायची. मी लिहायचे. मग लिहिलेलं तिला मोठ्याने वाचून दाखवायचे. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच हात वर करायची. हे वाक्य फार लांब झालं, म्हणायची, तिथे मी थांबले होते. आणि खरंच, मी दोन वाक्यांचं एक केलेलं असायचं. मी थक्क व्हायचे. कधी मी विचारायचे, त्या पहाऱ्यावरच्या बाईच्या हातात काय होतं? ती आठवत बसायची आणि एकदम म्हणायची, विणकाम, हिरवी लोकर, मुलाचा स्वेटर. मी लिहायचे. माझ्या मनाने मी लोकरीचा रंगसुद्धा घातलेला नाही.

प्रकरणात होतं ते एवढंच. अतिथिगृहात डांबलेल्या मास्तरणीला एक दिवस एक कागद वाचून दाखवतात. तिच्याविरुद्धचं निवेदन, आणि खाली तिच्या जवळच्या मैत्रिणीची सही. जी मैत्रीण तिच्या ताटात जेवलेली, तिच्या घरी बाळंत झालेली. मास्तरणी त्या सहीकडे बघत राहते. तिला वाटत असतं, निदान सही करताना हात कापला असेल, अक्षर वेडंवाकडं आलं असेल. पण सही नेहमीसारखी, शेवटच्या फटकाऱ्यासकट. तेवढ्याने ती खचते. चौकशीने, उपाशी ठेवण्याने खचलेली नसते. हे सांगताना ताई रडली नाही. पण ते झाल्यावर दोन दिवस वर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा तिने विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात? मी दगा, विश्वासघात असे शब्द सांगितले, मग केसाने गळा कापणं सांगितलं आणि त्याचा अर्थ समजावला. तिने मान डोलावली. तुमच्या लोकांना हे चांगलंच माहीत आहे, म्हणाली.

पुण्याला मजकूर गेला तेव्हा प्रकाशकांनी रीतीप्रमाणे सातव्या प्रकरणाचं मूळ मागितलं. इंग्रजी प्रतीत ते नव्हतं. मी त्यांना फोनवर सगळी हकिकत सांगितली आणि म्हटलं, मूळ नाही, माझा शब्द आहे. ते म्हणाले, "तुमचा शब्द मला पुरे आहे." फार जपून बोलणारा माणूस. त्यांच्या तोंडून असं काही ऐकायची मला सवय नव्हती.

पुस्तक निघालं. आमच्या इथल्या मराठी मंडळींनी एका शुक्रवारी छोटासा समारंभ केला. अध्यक्ष भारत-चीन मैत्रीवर अर्धा तास बोलले आणि पुस्तकाचं नाव चुकवून बसले. ताई पहिल्या रांगेत बसून मन लावून बटाटेवडा खात होती. बायका तिला नूडल्सची कृती विचारत होत्या आणि ती प्रत्येकीला वेगळी सांगत होती. मुखपृष्ठावर प्रकाशकांनी एक ओळ टाकली होती, मूळ भाषेतही न छापलेल्या प्रकरणासह. ती ओळ टाकू का हे त्यांनी मला आधी विचारलं होतं आणि मी ताईला. टाका की, ती म्हणाली होती, माझी लपायची हौस भागली. समारंभाचे फोटो नेहमीप्रमाणे फेसबुकवर गेले. भारतातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने त्या ओळीवरून चार ओळींची बातमी दिली. मला आनंदच झाला, माझ्या भाषांतराची इंग्रजीत बातमी पहिल्यांदाच आली होती.

त्याच सुमाराला ताईची आई तिकडे अंथरुणाला खिळली. एका अंगाने लुळी, बोलणं गेलेलं. ताई एकुलती एक. तिला तातडीने जायचं होतं, पण पासपोर्टची मुदत संपत आली होती आणि तो वाढवून मिळेना. तिच्या नवऱ्याच्या कंपनीतला एक माणूस मधे पडला. त्याने सुचवलं, की त्या बातमीने तुझ्या पुस्तकाबद्दल जो गोंधळ झाला आहे त्याचा खुलासा लिहून दे, म्हणजे सगळं सोपं होईल. ताई मला म्हणाली, काहीतरी लिहून द्यावं लागेल, आमच्याकडे सगळे देतात. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, दे लिहून, माफी मागायची तर माग, आईपुढे काय आहे ते. मला वाटलं होतं ती स्वतःबद्दल लिहून देईल.

आठवड्याभराने प्रकाशकांचा फोन आला. त्यांचा आवाज कोरडा होता. त्यांच्याकडे ताईच्या नावाने इंग्रजीत एक निवेदन आलं होतं, आणि तेच चिनीत इंटरनेटवरही लागलं होतं. त्यांनी मला ते वाचून दाखवलं. मराठी आवृत्तीतलं सातवं प्रकरण माझं नाही, असं काही मी कधी लिहिलेलं नाही. भाषांतरकर्तीने राजकीय हेतूने स्वतःच्या मनाने ते रचून घातलं आहे. मला मराठी येत नसल्याने तिने काय केलं हे मला कळायला मार्ग नव्हता. माझ्या देशाची झालेली बदनामी पाहून मला दुःख झालं आहे.

मी पोळ्या करत होते. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला मराठी येत नसल्याने, हे चार शब्द कानात फिरत राहिले. बाकीचं दुसऱ्या कोणी लिहून तिच्यापुढे ठेवलं असेल. तेवढं मात्र तिचं स्वतःचं वाटत होतं, नेमकं आणि नेटकं, वाद घालायला जागा न ठेवणारं. मास्तरणीला निदान सही तरी बघायला मिळाली होती. मी प्रकाशकांना म्हटलं, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या.

मी खाली तिच्या दाराशी गेले. बेल वाजवली, पुन्हा वाजवली. आत चालण्याचा आवाज येत होता, पण दार उघडलं नाही. परत वर यायला लिफ्टपाशी थांबले तर तिच्या मजल्यावरचं ते दार माझ्यामागे उघडलं आणि ती, तिचा नवरा आणि कंपनीतला तो माणूस बाहेर आले. चौघंही एकाच लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्ट आधी खाली गेली. तो माणूस माझ्याकडे बघून हसला. ताई वरच्या आकड्यांकडे बघत होती. खाली पोचल्यावर ती माझ्या अंगाला चाटून बाहेर पडली आणि मागे वळून म्हणाली, "गुड आफ्टरनून, मॅडम." मी एकटीच वर आले.

नवरा कामावरून आला, त्याला सगळं सांगितलं. तो सरळ माणूस. म्हणाला, "अगं, जे खरं आहे ते सांग ना. तिने तुझ्यावर ढकललं, तू का झेलायचं?" मग जरा थांबून त्याला इकाम्याची काळजी वाटू लागली, परक्या देशात राहून असल्या भानगडी कशाला, वगैरे. मुलगी कानातला इअरफोन काढून इंग्रजीत म्हणाली, मॉम, तिला ब्लॉक कर. दोघांचंही बरोबर होतं. खरं सांगायला मला कोणी अडवलं नव्हतं. पण मी खरं सांगितलं की प्रकाशक उलट निवेदन काढणार, ते पुन्हा छापून येणार, आणि ताईचा पासपोर्ट तिथेच अडकणार. तिकडे ती म्हातारी तोंडातून लाळ गळत मुलीची वाट बघत होती. तिच्या आईचा फोटो मी पाहिला होता. अगदी ताईसारखेच कानाशी कापलेले केस.

संध्याकाळी मी प्रकाशकांना फोन केला. ते म्हणाले, "मला फक्त एकच सांगा. ते प्रकरण तिचं आहे की नाही?"

"मी लिहिलं," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले.  उरलेल्या प्रती ते परत मागवून घेणार होते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि पुढच्या कादंबरीचा जो मजकूर माझ्याकडे होता तो टपालाने परत पाठवा म्हणाले. त्यानंतर एका साप्ताहिकात माझ्यावर लेख आला. पदरचं घालणाऱ्या भाषांतरकारांचं काय करायचं, असा विषय होता. लेख चांगला लिहिला होता. दुसऱ्या कोणाबद्दल असता तर मी तो मैत्रिणींना पाठवला असता.

ताई गेली. जाताना भेटली नाही, दाराखालून चिठ्ठी नाही, काही नाही. तिच्या फ्लॅटमध्ये एक मल्याळी कुटुंब आलं. मी स्वतःची समजूत घातली, की तिला भीती असेल, तिकडे गेल्यावर फोन तपासत असतील, आई बरी झाली की कळवेल. खरं सांगायचं तर मला थोडा मोठेपणाही वाटत होता. एका म्हाताऱ्या आईसाठी मी माझं नाव खर्ची घातलं, असं मी माझ्याशीच घोळवत असे. तो मोठेपणा मला बरेच दिवस पुरला.

मग आई वारल्याचं कुठूनसं कळलं. आणि काही काळाने ताई युरोपात निघून गेल्याचं कळलं, तिथल्या एका संस्थेने तिला लिहायला जागा दिली होती. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी शिरा केला. सुटली एकदाची, म्हटलं. आता ती बोलेल. आता तिला कोणाची भीती नाही.

ती बोललीही. तिच्या कादंबरीची संपूर्ण आवृत्ती निघाली, सातव्या प्रकरणासकट, आधी चिनीत आणि मग इंग्रजीत. तिची एक मुलाखत इंटरनेटवर मिळाली. केस जरा वाढले होते, गळ्यात छान रेशमी रुमाल होता. मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं, हे प्रकरण इतकी वर्षं तुम्ही कसं वाचवलंत? मी आवाज वाढवला. स्वयंपाकघरातून नवऱ्यालाही हाक मारली. ताईने कपाळावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे. मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं."

नवरा दारात उभा होता. तो काही न बोलता परत आत गेला, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मी मुलाखत शेवटपर्यंत पाहिली. मैत्रिणीने विरुद्ध सही करण्याबद्दल ती फार सुरेख बोलली. ऐकणाऱ्यांतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या. पुढे मी ती आवृत्ती मागवून वाचली. प्रकरण तेच होतं, तिथेच थांबणारं, तीच हिरवी लोकर. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. आई आजारी असताना तिने मला पुढे केलं, ते मी गिळलं होतं. आता कोणती आई आजारी होती?

प्रकाशकांनीही ते पुस्तक पाहिलं. त्यांनी आपणहून फोन केला, कित्येक दिवसांनी. म्हणाले, "हे तर शब्दाला शब्द तुमचंच आहे. मग तुम्ही तेव्हा खोटं बोललात, की तिने हे तुमच्यावरून घेतलं?" मी तेव्हा का तसं म्हटलं ते त्यांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पण एकदा मी म्हणाले होते मूळ तिचं आहे, मग म्हणाले माझं आहे, आता पुन्हा म्हणत होते तिचं आहे. त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा? त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की तिच्याकडून एक ओळ आणा. ती ओळ आली तर ते आमचं पुस्तक पुन्हा काढणार होते, आणि काय घडलं ते स्वतः लिहून छापणार होते.

मी ताईला तिच्या नव्या पत्त्यावर मेल केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला.

"लाओशी," ती म्हणाली. तोच आवाज. तो ऐकून मला आनंद झाला, आणि झाला म्हणून स्वतःचीच चीड आली. तिने मुलीची चौकशी केली, नवऱ्याची केली, शुऐबाचा वारा अजून येतो का विचारलं. मी आईबद्दल बोलले. ताई तिकडे पोचली तेव्हा आईने तिला ओळखलं होतं. मला बरं वाटलं. मग मी म्हटलं, की मला तिच्याकडून एक वाक्य हवं आहे. सातवं प्रकरण माझं आहे आणि मी सांगितलं तसं हिने लिहिलं, एवढंच. बाकी काही नको, माफी नको.

 ती हळू आवाजात समजावू लागली. तिच्या भाषणांना बायका येतात, कोणाच्या नवऱ्याविरुद्ध शेजाऱ्याने सही केलेली असते, कोणाविरुद्ध सख्ख्या भावाने. त्या तिचा हात धरून रडतात. त्यांना वाटतं, ही एक बाई वाकली नाही. आता आपणही एका मैत्रिणीविरुद्ध लिहून दिलं असं तिने सांगितलं, तर त्या बायकांनी कुठे जायचं? तिकडचे लोक तर टपलेलेच आहेत. माझं नाव आता माझ्या एकटीचं राहिलेलं नाही, ती म्हणाली.

"माझं नाव माझ्या एकटीचंच आहे," मी म्हटलं. "आणि ते तू घेतलंस."

 मग ती बोलली ते अगदी मायेने, मोठ्या बहिणीने धाकटीची समजूत काढावी तसं. "लाओशी, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. ते मराठीत आहे. मराठी कोण वाचतं? म्हणून तर मी ते तुझ्याकडे दिलं होतं. तिथे ते कोणाच्या नजरेला पडणार नाही, हे मला माहीत होतं."

 त्या सगळ्या दुपारी मला वाटत होतं, हिने माझा हात पाहून मला निवडलं. वीस वर्षं शब्दाला शब्द जपणारी बाई म्हणून निवडलं. तिला फक्त अशी एक जागा हवी होती जिथे कोणी शोधायला येत नाही. मुखपृष्ठावरची ती ओळ नसती तर तिचा अंदाज बरोबरही ठरला असता.

"मग मी वाचायचे तेव्हा डोळे मिटून ऐकत काय होतीस?" मी विचारलं.

"तुझा आवाज छान आहे," ती म्हणाली.

मी फोन ठेवला. प्रकाशकांना मी अजून काही कळवलेलं नाही, त्यांना हवी असलेली ओळ माझ्याकडे नाही. त्याऐवजी हे सगळं लिहून काढलं आहे. तिचं नाव घातलेलं नाही, पुस्तकाचंही नाही. आणि मराठीतच लिहिलं आहे, तिच्या मते जिथे ते कोणाच्या नजरेला पडणार नाही.